पशुवैद्यकाचा विद्यार्थी आणि उपचाराचा अधिकार

खेड्यातला एखादा मुलगा पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाला, की गावाच्या लेखी तो त्याच दिवशी डॉक्टर होतो. दिवाळीच्या सुटीत तो घरी येतो तेव्हा त्याची हाडांची नावेदेखील धड पाठ झालेली नसतात. परंतु दुसऱ्याच दिवशी सकाळी शेजारचे म्हातारबा अंगणात येऊन उभे राहतात आणि म्हणतात, "बाळा, जरा आमच्या गाईकडं बघ की. कालधरनं वैरणीला तोंड लावंना." मुलाची मोठी पंचाईत होते. 'मला अजून येत नाही' असे म्हणावे, तर फीचे पैसे कसेबसे उभे करणाऱ्या वडिलांची मान खाली जाते. आणि जावे, तर नेमके काय करावयाचे हे त्याला ठाऊक नसते. तालुक्याचा दवाखाना दूर, तेथील डॉक्टर दुसऱ्याच गावी फिरतीवर गेलेले. शेवटी तो जातो. पुढे काय होते, हे बहुधा त्या गाईच्या नशिबावर अवलंबून असते.

ही अडचण त्या एकट्या मुलाची नव्हे. ज्याला अद्याप परवाना मिळालेला नाही अशा विद्यार्थ्याने जनावरावर उपचार करावेत की नाही, हा प्रश्न पशुवैद्यकाच्या शिक्षणाइतकाच जुना आहे. त्याचे 'होय' किंवा 'नाही' असे एका शब्दात उत्तर देणारे पुष्कळ भेटतात. एक पक्ष म्हणतो, मुक्या जनावराच्या जिवावर शिकणे हा अधर्म होय. दुसरा म्हणतो, पाण्यात उतरल्यावाचून कोणी पोहावयास शिकले आहे काय? दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे आणि दोन्ही अपुरी आहेत.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहिले पाहिजे. संसदेने १९८४ साली भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम संमत केला. त्याच्या ३० व्या कलमाप्रमाणे नोंदणीकृत पशुवैद्यकाखेरीज अन्य कोणासही पशुवैद्यकाचा व्यवसाय करता येत नाही, जनावराच्या आरोग्याचा दाखला देता येत नाही, किंवा न्यायालयात या विषयातील तज्ज्ञ म्हणून साक्ष देता येत नाही. या नियमाला त्याच कलमात एक पळवाट, किंवा अधिक सौम्य शब्दांत सांगावयाचे तर एक सवलत आहे. पशुधन पर्यवेक्षकासारख्या पदविका वा प्रमाणपत्र धारण करणाऱ्या व्यक्तीस राज्य सरकार आदेशाने परवानगी देऊ शकते, आणि मग तिला नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली व निर्देशाप्रमाणे लस टोचणे, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी यांसारख्या किरकोळ सेवा देता येतात. विद्यार्थ्याचा मात्र या कलमात उल्लेख नाही. त्याची व्यवस्था पशुवैद्यक परिषदेच्या शिक्षणविषयक नियमांनी लावली आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे पदवीचा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा असून त्यातील शेवटचे पूर्ण वर्ष आंतरवासितेचे, म्हणजे दवाखान्यात, प्रक्षेत्रावर व गोठ्यात राहून काम करण्याचे आहे. अंतिम परीक्षा उत्तीर्ण झालेल्या उमेदवाराला या वर्षापुरती तात्पुरती नोंदणी मिळते. त्याआधी तो जे काही करतो ते महाविद्यालयाच्या चिकित्सालयात, आपल्या गुरूचा हात म्हणून करतो. तेथे जबाबदार नाव गुरूचे असते.

हे नाव महत्त्वाचे का, हे नीट समजून घेतले पाहिजे. उपचार हा केवळ जनावर आणि वैद्य यांच्यामधला व्यवहार असता, तर मालकाने पसंत केलेल्या कोणाकडूनही तो करून घेण्यास फारशी हरकत घेता आली नसती. परंतु गोठ्यात टोचलेले औषध गोठ्यातच राहत नाही. कासेच्या दाहावर दिलेल्या प्रतिजैविकाचा अंश काही दिवस दुधात उतरत राहतो. तेवढे दिवस ते दूध विक्रीला घालू नका असे सांगणारा कोणी नसेल, तर ते कोणाच्या तरी तान्ह्या मुलाच्या पोटात जाते. डायक्लोफिनॅकची कथा तर सर्वश्रुत आहे. गुरांचा ठणका आणि सूज कमी करणारे हे स्वस्त औषध देशभर वापरले गेले. ते दिलेली जनावरे मेल्यावर त्यांचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली, आणि काही जातींच्या गिधाडांची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्यावर २००६ साली गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर सरकारला बंदी घालावी लागली. आता हे औषध देणारे सगळेच अडाणी होते असे नव्हे. रीतसर पदवीधरांनीही ते दिले होते. परवाना असला म्हणजे चूक होत नाही, असा याचा अर्थ कधीच नव्हता. चूक झाली असता ती कोणाकडे पाहून सुधारावयाची, हे परवान्यामुळे ठरते, एवढाच त्याचा अर्थ आहे.

मात्र एवढ्यावरून विद्यार्थ्याला जनावरापासून दूर ठेवावे असे म्हणणाऱ्यांनी या विद्येचा इतिहास चाळून पाहावा. जगातील पहिली पशुवैद्यकीय शाळा १७६२ साली फ्रान्समधील लियाँ येथे क्लोद बुर्जला याने काढली. हा गृहस्थ व्यवसायाने वकील आणि आवडीने अश्वविद्येचा आचार्य. शाळा उघडून फार दिवस लोटले नव्हते, तोच आसपासच्या प्रांतांत गुरांची साथ पसरली आणि बुर्जलाने आपले विद्यार्थी तेथे धाडले. त्यांच्या कामगिरीची वार्ता राजदरबारापर्यंत गेली, आणि १७६४ साली शाळेच्या नावामागे 'राजकीय' ही उपाधी लागली. पशुवैद्यकाच्या पहिल्या विद्यालयाला प्रतिष्ठा मिळाली ती, अशा रीतीने, ज्यांचे शिक्षण अद्याप संपले नव्हते अशा मुलांच्या हातून. आपल्याकडेही मुंबईस परळ येथे १८८६ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ते बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाने चालणाऱ्या जनावरांच्या रुग्णालयाच्या आश्रयाने. रुग्णालय आधी, महाविद्यालय मागाहून. हा क्रम योगायोगाचा नव्हता. घोडे, बैल आणि गाई जेथे उपचारासाठी येतात तेथेच विद्यार्थी घडावा, हे त्या काळच्या लोकांनाही उमगले होते.

आणि ते न उमगून कसे चालेल? पशुवैद्यकाचे पुष्कळसे ज्ञान बोटांत असते. गाय गाभण आहे किंवा नाही हे पाहण्याची नित्याची पद्धत घ्या. खांद्यापर्यंत हातमोजा चढवून, हात गुदमार्गाने आत घालून, आतड्याच्या भिंतीतून खालचे गर्भाशय चाचपावे लागते. पाच-सहा आठवड्यांच्या गर्भाच्या वेळी बोटांच्या चिमटीतून एक अतिशय पातळ पापुद्रा निसटल्याचा भास होतो, तोच पुरावा. नवशिक्याला पहिल्या पंचवीस-तीस खेपांना काहीच कळत नाही. कुठे शेण, कुठे मूत्राशय, कुठे गर्भाशय, सगळे सारखेच लागते. आणि चिमटी जरा जोरात बसली तर गर्भाला इजा होण्याचा संभव असतो. येथे शिक्षकाचीही गंमतीची अडचण अशी, की तो शेजारी उभा असला तरी विद्यार्थ्याचे बोट कुठे आहे हे त्याला दिसत नाही. तो विचारतो, "लागले का?" विद्यार्थी म्हणतो, "हो, सर." या 'हो'मध्ये खरे किती आणि संकोच किती, हे देवच जाणे! ग्लासगो विद्यापीठात सॅरा बेली यांनी चालू शतकाच्या आरंभी याच अडचणीवर एक यंत्र तयार केले. त्यात हात घालणाऱ्याच्या बोटाला गर्भाशयाचा स्पर्श झाल्यासारखे जाणवते, आणि बोट नेमके कुठे फिरते आहे हे शिक्षकाला पडद्यावर दिसते. अशी साधने आपल्या महाविद्यालयांतून जितकी येतील तितकी हवीतच. त्यांच्यावर पहिल्या तीस चुका करून घेता येतात. परंतु यंत्राची गाय लाथ झाडत नाही, कुंथत नाही, आणि तिचा मालक शेपटी धरून चिंतातुर चेहऱ्याने उभा नसतो. एकतिसावी खेप खऱ्या गाईवरच व्हावी लागते. ती परवाना मिळाल्यावर, आडगावी, कोणी विचारावयास नसताना व्हावी, की आधी, जाणता माणूस जवळ असताना व्हावी, एवढीच काय ती निवड आपल्या हाती आहे.

म्हणजे विद्यार्थ्याने हात लावावा किंवा नाही यापेक्षा, त्या वेळी गुरू त्याच्यापासून किती अंतरावर उभा असावा, हा खरा प्रश्न होय. या अंतराचा विचार ब्रिटनने फार काटेकोरपणे केला आहे. तेथील १९६६ च्या पशुवैद्यक कायद्याखालील नियमांनी चिकित्सेच्या वर्षांत पोहोचलेल्या विद्यार्थ्याला उपचाराची मुभा दिली. पण ती तीन पायऱ्यांनी. चाचण्या करावयाच्या त्या नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या निर्देशाने. औषधोपचार करावयाचा तो त्याच्या देखरेखीखाली. शस्त्रक्रिया करावयाची ती त्याच्या प्रत्यक्ष आणि अखंड देखरेखीखाली. आणि हे शब्द हवेत सोडून दिलेले नाहीत. निर्देश म्हणजे वैद्याने काय करावयाचे ते सांगितले आहे, तो स्वतः जागेवर असेलच असे नाही. देखरेख म्हणजे तो त्याच वास्तूत आहे आणि हाक मारताच येऊ शकतो. प्रत्यक्ष आणि अखंड देखरेख म्हणजे तो शेजारी उभा आहे आणि त्याचे संपूर्ण लक्ष विद्यार्थ्याकडे आहे. दुसऱ्या टेबलावर दुसरा रोगी पाहत पाहत मधून मधून टाकलेली नजर त्यात बसत नाही.

आपल्या सरकारी परिपत्रकांना 'देखरेखीखाली' हा शब्द फार प्रिय आहे. परंतु तो लिहिणाऱ्याच्या मनात यांपैकी कोणते अंतर असते, हे सहसा कळत नाही. शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र वाचीत बसलेला अधिकारीही देखरेख करीत असतो आणि जिल्ह्याच्या गावी सभेला गेलेलाही कागदोपत्री देखरेखच करीत असतो. जनावराचे मरण-जीवन पुष्कळदा या अंतरातच ठरते.

एकाच उपचाराचे उदाहरण पुरे आहे. भरपूर दुधाची गाय व्याल्यावर दोन-तीन दिवसांच्या आत कधी कधी एकाएकी बसते, मान कुशीकडे वळवते, कान गार पडतात. याला दुग्धज्वर म्हणतात. नाव ज्वराचे, पण अंग मात्र थंड. रक्तातील कॅल्शियम एकदम उतरल्याने असे होते. त्यावर कॅल्शियम बोरोग्लुकोनेटची बाटली शिरेतून दिली की, बहुधा पाहता पाहता, मेल्यासारखी पडलेली गाय उठून उभी राहते. पशुवैद्यकात याच्याइतका चमत्कारासारखा दिसणारा उपचार दुसरा नाही, आणि म्हणूनच प्रत्येक विद्यार्थ्याला तो स्वतःच्या हाताने करावासा वाटतो. परंतु तीच बाटली घाईने सोडली तर कॅल्शियमच्या माऱ्याने हृदयाची लय बिघडते आणि गाय सुई टोचलेली असतानाच मरते. म्हणून बाटली अंगाइतकी कोमट करावी, धार बारीक ठेवावी, आणि कोणीतरी सारा वेळ स्टेथोस्कोप लावून ठोके ऐकत बसावे. विद्यार्थ्याने सुई लावावी, बाटली धरावी. गुरूने ठोके ऐकावेत. पुढच्या खेपेस विद्यार्थ्याने ठोके ऐकावेत आणि 'थांबवा' असे केव्हा म्हणावयाचे हे त्याने सांगावे. त्याचे सांगणे आणि गुरूचे ऐकणे जुळू लागले की गुरूने एक पाऊल मागे सरावे. हे अंतर असे, एकेका पावलाने वाढले पाहिजे. मलमपट्टीला ते पहिल्या महिन्यातच वाढेल, पोट फाडून वासरू काढण्याच्या शस्त्रक्रियेला कदाचित आंतरवासिता संपेपर्यंत वाढणार नाही.

आता ज्या जनावरावर हे शिक्षण होते ते कोणाचे असते, हेही सांगितले पाहिजे. कारण या चर्चेत त्याचा उल्लेख सहसा कोणी करीत नाही. महाविद्यालयाच्या चिकित्सालयात शुल्क नाममात्र असते. म्हणून तेथे येते ती बहुधा अल्पभूधारकाची गाय, मजुराची शेळी, गवळ्याची म्हैस. चांगल्या मुऱ्हा म्हशीची किंमत आज लाखाच्या घरात जाते आणि ती अनेकदा कर्ज काढून घेतलेली असते. तिचे दूध आटले तर घराचा बाजारहाट आटतो. शर्यतीच्या घोड्याचा धनी प्राध्यापकांनाच बोलवा असे बजावून सांगू शकतो. एका शेळीवर घर चालविणाऱ्या बाईला ते सुचत नाही आणि सुचले तरी जीभ उचलत नाही. तिला एवढे तरी कोणी सांगावे, की हा मुलगा शिकतो आहे, त्याचे गुरुजी हे येथे उभे आहेत, आणि तुमची हरकत असेल तर गुरुजीच पाहतील. असे स्पष्ट सांगितल्यावर नकार देणारे मालक थोडेच निघतील. शिकणाऱ्या पोराला खेड्यातला माणूस मनापासून साहाय्य करतो. पांढरा कोट पाहून त्याने याला पुरा डॉक्टर समजावे आणि आपण ते समजू द्यावे, ही मात्र फसवणूक होय. मग तीत वाईट हेतू असो वा नसो.

शिकणाऱ्याचा स्वतःचा जीवही येथे पणाला लागलेला असतो. लाळ गाळणाऱ्या, वैरण न गिळणाऱ्या बैलाच्या घशात काही अडकले असेल अशा समजुतीने नवखा विद्यार्थी तोंडात हात घालतो, आणि तो बैल पिसाळलेला निघतो. व्याल्यानंतर वार अडकलेल्या म्हशीची वार उघड्या हाताने काढणाऱ्याला सांसर्गिक गर्भपाताच्या जंतूंचा संसर्ग होऊन महिनोन् महिने ताप, सांधेदुखी भोगावी लागते. याच रोगाची जिवंत लस कालवडीला टोचताना सुई स्वतःच्या बोटात शिरली तरी तोच धोका. चिकित्सालयात पहिले पाऊल टाकण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याला रेबीजची प्रतिबंधक लस दिलेली असणे, ही खर्चाची नव्हे, कर्तव्याची बाब आहे.

याउलट, विद्यार्थ्यांना दूर ठेवणे देशाला परवडणारेही नाही. २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे भारतात गाईबैल सुमारे १९ कोटी २५ लाख आणि म्हशी जवळजवळ ११ कोटी. शेळ्यामेंढ्या वगैरे धरून एकूण पशुधन ५३ कोटींच्या वर. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ सालीच ५,००० पशुघटकांमागे एक पशुवैद्यक असावा असे सुचविले होते, आणि त्या मानाला देश अद्याप पोहोचलेला नाही. २०२२ साली गाईबैलांवर लम्पी त्वचारोगाची साथ पसरली तेव्हा महाराष्ट्रात लसीकरणाच्या कामी आंतरवासितेतील विद्यार्थ्यांचाही हातभार घेण्यात आला. ते योग्यच झाले. निरोगी जनावराला ठरलेली मात्रा ठरलेल्या जागी टोचणे हे निर्देशाने होण्याजोगे काम आहे. परंतु त्याच फेरीत एखादा शेतकरी गाठींनी अंग भरलेला बैल पुढे आणून "आता आलाच आहात तर यालाही एक सुई द्या" असे म्हणतो, तेव्हा काम बदललेले असते, आणि अंतराचा हिशेबही बदलला पाहिजे. साथीच्या धांदलीत हा बदल लक्षात येत नाही, म्हणून तो निघण्यापूर्वीच विद्यार्थ्यांना नीट समजावून दिलेला बरा.

मग सुटीत घरी आलेल्या त्या मुलाने काय करावे? औषध देऊ नये, हे निश्चित. परंतु तो अगदीच निरुपयोगी आहे असेही नाही. त्याला तापमान घेता येते. गाईने रवंथ केव्हापासून सोडले, शेण कसे पडते, अलीकडे ती व्याली आहे काय, हे विचारता येते. हे सारे टिपून त्याने तालुक्याच्या डॉक्टरांना दूरध्वनीवर सांगितले, तर डॉक्टरांना निघावे की थांबावे हे ठरविण्यास मोठी मदत होते. आणि तेवढ्या वेळात त्याने आणखी एक गोष्ट केली तरी पुष्कळ झाले. आजारी जनावराची मान वर ओढून, नळीने तेल किंवा काढा ढोसण्याची रीत खेडोपाडी आहे. त्यात ठसका लागून औषध फुप्फुसात उतरते आणि मूळ दुखण्याने न मेलेले जनावर त्याने मरते. म्हातारबांच्या हातातली ती नळी त्याने आदराने बाजूला ठेववली, तर पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडून याहून अधिक अपेक्षा करता येणार नाही.

आंतरवासितेच्या वर्षाची अडचण वेगळी आहे. या वर्षातला काही काळ विद्यार्थी ग्रामीण दवाखान्यात काढतो. तेथे एकाच अधिकाऱ्याकडे कितीतरी गावे, लसीकरणाची मोहीम, योजनांची कागदपत्रे आणि वरिष्ठांच्या बैठका. अधिकारी बैठकीला गेलेले असताना अडलेली म्हैस दारात येते. भ्रमणध्वनीमुळे आज निर्देश देणे सोपे झाले आहे. चलच्चित्र पाठवून वासराचा कोणता पाय आधी आला आहे तेही दाखविता येते. परंतु दूरध्वनीवरून निर्देश देता येतो, देखरेख करता येत नाही. म्हशीच्या पोटातल्या वासराची वळलेली मान पडद्यावर दिसत नाही. म्हणून आंतरवासी विद्यार्थ्याने एकट्याने काय करावयाचे, काय दूरध्वनीवर विचारून करावयाचे आणि कशाला मुळीच हात लावावयाचा नाही, याची यादी त्या दवाखान्याच्या भिंतीवर असली पाहिजे. ती पशुवैद्यक परिषदेने किंवा विद्यापीठाने तयार करण्यास कोणताही नवा कायदा लागत नाही, आणि खर्च म्हणावा तर एका कागदाचा.

आंतरवासी विद्यार्थ्याजवळ एक नोंदवही असते. रोज पाहिलेली जनावरे, केलेले उपचार तो तीत लिहितो आणि त्याखाली वरिष्ठ सही करतात. या वहीत आणखी एक रकाना घालण्यासारखा आहे: उपचाराच्या वेळी सही करणारे कोठे होते? शेजारी, त्याच इमारतीत, की दूरध्वनीवर? आणि ही सही त्याच दिवशी व्हावी. महिन्याच्या अखेरीस तीस पानांवर एकाच शाईने, एका बैठकीत झालेल्या सह्या पाहिल्या की त्या महिन्यात कोण कोणापासून किती दूर होते, हे कोणालाही न विचारता समजते.